शिवतेज मोहितेची सेवापूर्ती

टेबलावर एक शाल, एक नारळ, अर्धा किलो पेढे, एक सन्मानपत्र आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड होतं. सत्कारमूर्ती दोन मजले वर, मेंदूत लोखंडाचे तीन तुकडे घेऊन, कृत्रिम श्वासावर होता. वय वीस.

"सेवापूर्तीचा कार्यक्रम छोटेखानीच ठेवलाय," उपसंचालक टिळेकर शिवतेजच्या आईला, शेवंताबाईंना म्हणाले. हार वेळेत आला नाही याबद्दल त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली.

कागद समजावून सांगायला त्यांच्याच मरणांक विभागातून अन्विता दाभाडेला बोलावलं होतं. मरणांक म्हणजे लाखात वर्षाला मरणारी माणसं. राज्यातल्या प्रत्येक तरुणाचे दोन मरणांक काढत: सैन्यात गेला तर किती, घरी राहिला तर किती. सक्तीची भरती केव्हाच रद्द झाली होती. आता जीवरक्षण कायदा होता. अठरा पूर्ण झाली की जिथं मरणांक कमी तिथं पाठवणी. गेली नऊ वर्षं तो सैन्यातच कमी येत होता, सीमेवर रोज तोफा धडधडत असूनही. टिळेकर याला विज्ञानाचा विजय म्हणत आणि प्रत्येक भाषणात दशांशचिन्ह चुकवत.

शेवंताबाईंची धाकटी, गिरिजा, नुकतीच अठराची झाली होती; तिचा निकाल सोमवारी यायचा होता.

"मावशी, इथं अंगठा दिलात की शिवतेज सैन्यातून निवृत्त होईल," अन्विता म्हणाली.

"अंगठा कशापायी? सही येती मला. पर डाक्टर म्हनतोय, सांजपातूर बी टिकायचा न्हाई. मग येवढी घाई कसली?"

टिळेकर खाकरले. अन्वितानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"मेल्यावर त्याला कुणात मोजायचं, ते या कागदावर ठरतं. सही केलीत तर नागरिकांत."

"म्हंजी गोळा लागला सीमेवर, आन मेला गावात?"

"हो."

महिन्यापूर्वी अन्वितानं यादी काढली होती. वर्षात सैन्यातल्या दोन लाख तरुणांपैकी ८२ मेले, मरणांक ४१. सेवापूर्ती झाल्यावर आठवड्याच्या आत आणखी ११८ मेले. ते घरच्या सहा लाखांत मोजले, म्हणून घरचा मरणांक ९७. त्यांना परत सैन्यात मोजलं तर सैन्य १००, घर ७७. हा अहवाल टिळेकरांनी शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवून परत केला होता.

तिनं हे सगळं शेवंताबाईंना सांगितलं.

"आन त्या बाकीच्या आयांनी सह्या केल्या?"

"सगळ्यांनी."

"त्यांस्नी कुनी सांगितलं नसंल."

त्यातल्या सव्वीसजणींना कागद अन्वितानंच समजावला होता. तेव्हा तिनं यादी काढली नव्हती.

"ताई," टिळेकर मऊ आवाजात म्हणाले, "ड्यूटीवर मृत्यू म्हटलं की चौकशी आली, पोस्टमॉर्टेम आलं. आठवडाभर देह मिळायचा नाही. सही करा, आज घरी न्याल लेकराला."

शेवंताबाईंचा हात पेनापर्यंत गेला आणि थांबला.

"सायेब, तुमची पोरं कुटं असत्यात?"

"मुलगा परदेशात शिकतोय."

"तिथला मरणांक काय हाय?"

टिळेकरांनी पेढ्यांच्या पुड्याची गाठ उगाच घट्ट केली.

"फौजेत गेला, फौजेतच मरंल," शेवंताबाईंनी कागद सारला. मग अन्विताकडे वळल्या. "एवढ्यानं माझी गिरिजा ऱ्हाईल का गं घरी?"

"एकट्या शिवतेजनं नाही, मावशी. पण आकडा हलेल."

"किती?"

"मोजून सांगते."

शिवतेज मोहिते दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सैन्यात वारला. अन्वितानं नोंद स्वतः केली.

सोमवारी गिरिजाचा निकाल आला. सैन्यात ४१.५, घरी ९७.