रोगणाचा शेवटचा हात

जपानी दालनातला रोगण चढवलेला काळा डबा जागेवर नव्हता आणि काचेच्या कपाटाचं कुलूप शाबूत होतं.

"उद्या तो जपानला, मालकांकडे परत जायचाय," संग्रहालयाच्या संचालिका म्हणाल्या. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "दोन वर्षं आमच्याकडे दुरुस्तीला होता. हरवला, तर आम्हाला पुन्हा कुणी बशीसुद्धा देणार नाही."

वहिनी कपाटाभोवती फिरल्या. चोऱ्यांचा छडा लावणं हा त्यांचा धंदा. त्यांचे धाकटे दीर, भाऊजी, मदतीला असत. मदत म्हणजे पिशवी धरणं आणि भलत्याच माणसावर संशय घेणं.

किल्ल्या तिघांकडे होत्या: सुतार, रखवालदार आणि दालनाचे अभिरक्षक.

"मी पेटी करून बसलोय, बाई," सुतार म्हणाला. "आत ठेवायला डबा द्या म्हणजे झालं."

रखवालदार नजर चुकवत होता. भाऊजींनी वहिनींना कोपरानं ढोसलं.

"दुरुस्तीच्या बाई होत्या तेव्हा बरं होतं," तो म्हणाला. "अभिरक्षक साहेबांची बायको. मागच्या थंडीत गेल्या. हात कायम खाजायचे त्यांचे. झाडाचा चीक असतो म्हणे ते रोगण, कच्चं असलं की अंगावर उठतं. आणि त्यांच्या कपाटात ओली फडकी टांगलेली. मी म्हणायचो, बाई, धुणं घरी वाळवा. हसायच्या नुसत्या."

त्याचे डोळे भरून आले होते. भाऊजी वरमले.

अभिरक्षक आपल्या बंद खोलीबाहेर भेटले. भिंतीलगत पुस्तकांच्या चळती, त्यांवर गुंडाळलेली चित्रं. पांढरे हातमोजे घातलेल्या हातात चहाचा पेला.

"पुस्तकं बाहेर काढलीत?"

"खोलीला रंग द्यायचाय."

"पत्नीची आठवण येत असेल."

"येते." त्यांनी चहाचा घोट घेतला. "या इमारतीत जास्तच येते."

परत येताना वहिनींनी रखवालदाराला रंगाऱ्यांबद्दल विचारलं. फाटकातून एकही रंगारी आला नव्हता.

"भाऊजी, चला. डबा सापडला."

"कुठं?" भाऊजी गोंधळले. वहिनी संचालिकांना घेऊन थेट त्या बंद दारापाशी गेल्या.

"साहेब, दार उघडा. थोडंच. आतली ओल जायला नको."

अभिरक्षकांनी किल्ली फिरवली. आत ओल्या चादरी टांगल्या होत्या, आणि मधल्या टेबलावर तो काळा डबा होता.

"हे रोगण कोरड्या हवेत वाळत नाही," वहिनी म्हणाल्या. "त्याला ओल लागते, म्हणून बाई फडकी टांगायच्या. पण ओलीत कागद खराब होतो. पुस्तकं बाहेर निघाली ती त्यासाठी, रंगासाठी नाही. आणि वस्तू हाताळताना इथं सगळेच हातमोजे घालतात, पण चहा पिताना कुणी घालत नाही. काढा ते."

मोजे निघाले. दोन्ही हात लाल चट्ट्यांनी भरले होते.

"पण कशासाठी?" संचालिकांनी विचारलं.

"शेवटचा हात द्यायचा राहिला होता तिचा," अभिरक्षक म्हणाले. "तिकडं दुसऱ्या कुणी दिला असता. मला ते सहन होईना. महिनाभर फळकुटांवर शिकलो आणि काल दिला. सांगितलं असतं तर तुम्ही हात लावू दिला नसता."

"नसताच दिला," संचालिका म्हणाल्या. "मालकांना खरं काय ते मी कळवते. वाळेपर्यंत तो हलवायचा नाही. त्यानंतर ते जे म्हणतील, ते तुम्हाला ऐकावं लागेल."

अभिरक्षकांनी मान डोलावली. भाऊजींनी वाकून पाहिलं. "छान जमलाय की हो."

"नाही जमला. कडेला ओघळ आलाय, बघा. ती असती तर सगळा घासून काढायला लावला असता." अभिरक्षकांनी दार हलकेच ओढून घेतलं. "काल सबंध रात्र वाट बघत होतो, कुणीतरी रागवेल म्हणून."