अकराव्या दशांशातले घर

दरवेधशाळेला दुर्बीण नव्हती, पण खालच्या गावांना ते पटत नसे. आंबोलीच्या वरच्या अंगाला, जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावर एकटी उभी असलेली ती घुमटाची इमारत पाहून दर हिवाळ्यात एखाद्या शाळेचे पत्र येई : मुलांना शनीची कडी पाहायची आहेत, कधी येऊ? मृदुला कांबळी प्रत्येक पत्राला स्वतः उत्तर लिही. ‘आम्ही आकाश पाहत नाही. गृहकर्जाचे व्याज पुढे कुठे जाणार, ते पाहतो. आपल्या मुलांची निराशा होईल.’ वर्षाकाठी तिने माणसांना लिहिलेली बहुतेक पत्रे एवढीच असत.

घुमटाखाली लोकदर्पण होते. देशातल्या प्रत्येक कुटुंबाची एक गणिती प्रतिकृती त्यात वावरत असे. ती कमावत असे, खर्च करत असे, घर घ्यावे की न घ्यावे यावर भांडत असे आणि शेवटी एखाद्या बँकेच्या पायऱ्या चढत असे. त्या साऱ्या कल्लोळातून दर तीन महिन्यांनी एक आकडा वर येई : देशभरच्या गृहकर्जांचा सरासरी दर, पुढच्या वीस वर्षांसाठी. तो आकडा एकट्या मृदुलाने वाचायचा, सही करून पाकीट मोहोरबंद करायचे आणि त्याविषयी कुणाशीही बोलायचे नाही, अशी तिची नोकरी होती. तिच्या पदाचे नावच साक्षी.

गेल्या पावसाळ्यात ती तापाने फणफणली आणि एका तिमाहीचे पाकीट सहीवाचून राहिले. तेव्हा वरून हुकूम आला की दुसरा साक्षी नेमा. डिसेंबरातल्या एका दुपारी, सड्यावरचे वाळले गवत वाऱ्याने एका अंगावर झोपलेले असताना, संचालक डॉ. यशोधन मोहिते त्या दुसऱ्या जागेच्या उमेदवाराला घेऊन आले.

प्रद्युम्न हुद्दार पन्नाशीचा होता, उन्हाने रापलेला, आणि बोलण्याआधी क्षणभर थांबणारा. अनेक वर्षे एका दीपगृहाच्या बेटावर त्याने भरती-ओहोटीची मोजणी केली होती. मोजणी स्वयंचलित झाली आणि बेटावर माणसाची गरज उरली नाही.

“नागपूरचा माणूस अन् समुद्राच्या नोकरीत,” तो म्हणाला. “घरचे हसून राहिले होते. आता हसायला घरचेही कोणी नाहीत.”

मोहित्यांनी चहाचा कप हातात धरूनच व्याख्यान सुरू केले. ते त्यांना पाठ होते आणि आवडतही होते.

“तुम्ही भरतीचे वेळापत्रक छापत होता. छापल्यामुळे भरती कधी पुढेमागे झाली?”

“समुद्र काही पंचांग वाचत नाही, सर.”

“माणसे वाचतात! तीच तर पंचाईत. पहिल्या वर्षी आम्ही भाबडेपणाने वेध जाहीर केला की दोन वर्षांत व्याज चढणार. लोक धावले. ज्यांना घर नको होते तेही धावले. त्या गर्दीमुळे बँकांनी त्याच महिन्यात दर चढवले, मग दोन वर्षे बाजारात चिटपाखरू फिरकेना आणि दर कोसळले. वेध बरोबर होता हो. तो आम्ही सांगितला, म्हणून चुकला.”

“मग न सांगून उपयोग काय?”

“आज काहीच नाही,” मोहिते शांतपणे म्हणाले. “आधी सिद्ध तर होऊ दे, की न सांगता वर्षानुवर्षे अचूक वेध घेता येतो. ते सिद्ध करायचे तर तो आधीच घेतला होता याला साक्षीदार हवा.”

“यंत्रच राहील की साक्षीला.”

“चोराच्या बाजूने चोराचीच साक्ष? नाही चालत. माणूस लागतो. पण माणसाला कळले की तोही त्या बाजाराचा भाग. तो बायकोला सांगतो, घर घ्यायची घाई करतो, निदान शेजाऱ्याने विचारल्यावर गालातल्या गालात हसतो. म्हणून आम्ही प्रभावांक काढला. एक वेध तुम्हाला काहीच माहीत नाही असे धरून घ्यायचा, दुसरा तुम्हाला माहीत आहे असे धरून. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा प्रभावांक.”

“पण एवढासा फरक फुगत नाही का? वाऱ्याच्या अंदाजात फुगतो.”

मोहित्यांनी मृदुलाकडे पाहिले. माणूस बरा आहे, असा तो कटाक्ष होता. “तुम्ही सांगा, मृदुलाताई.”

“मूळ दर धोरण समिती ठरवते, आणि तो पाव टक्क्याच्या पायऱ्यांनी हलतो,” मृदुला म्हणाली. आज सकाळपासून ती प्रथमच बोलत होती. आवाज तिलाच परका वाटला. “पायरीपेक्षा लहान धक्का त्या पायरीतच जिरतो. अफवा पसरली, गर्दी झाली, तरच पायरी हलते. एरवी एखाद्या माणसाने काही वेगळे केले, तर त्याची खूण तेवढी सरासरीत राहते. फार खोलवर. दहाव्या, अकराव्या दशांशात.”

“आणि तुमचा प्रभावांक, सर?” हुद्दारने विचारले.

“मला तीन मेव्हण्या आहेत. मला दुपारी कळले तर संध्याकाळी कोल्हापुरात सदनिका मिळणार नाही!” मोहिते खो खो हसले. मग हसू आवरून म्हणाले, “मृदुलाताईंचा शून्य. बाराही दशांशांपर्यंत. आणि आता तुमचाही. अभिनंदन.”

हुद्दारने कप खाली ठेवला. त्याने आभार मानले नाहीत. मृदुला त्याच्याकडे पाहत होती, म्हणून तिला दिसले की ते अभिनंदन त्याच्यात कुठवर उतरले. तिच्या वेळी तर पेढे वाटले होते. पेढ्याची चव जिभेवर असतानाच तिला उमगले होते की आपल्याला जगाचे गुपित कळले काय, न कळले काय, जगाचा केसही हलत नाही, हे आज गणिताने सिद्ध झाले आहे. तिने ज्याला सांगावे असे कुणी नव्हते. ज्याच्यासाठी घाईने काही करावे असेही कुणी नव्हते. तेव्हापासून ते शून्य तिच्यासोबत राहत होते, रिकाम्या खोलीतल्या दिव्यासारखे, कुणासाठीही न जळता जळत.

“आता दोघांचा एकत्रित प्रभावांक तेवढा काढा,” मोहिते उठत म्हणाले. “उपचार आहे. शून्य अधिक शून्य, दुसरे काय येणार? पण नियम तो नियम. शून्य आले की यांना वेध दाखवा, दोघे सह्या करा. पूर्ण शून्य नसेल तर उमेदवार अपात्र, म्हणजे मला पुन्हा जाहिरात द्यावी लागेल. तेव्हा कृपा करा. मला अंधाराच्या आत घाट उतरायचा आहे.”

त्यांची गाडी वळणाआड गेली. हुद्दारला ओसरीत बसवून मृदुला घुमटाखाली आली. नियमाप्रमाणे निकाल येईपर्यंत त्याने आत यायचे नव्हते. तिने दोन नावे भरली. दोघांनाही वेध ठाऊक, एवढे एकच गृहीत. मग ती हात चोळत उभी राहिली.

पडद्यावर दहा शून्ये उमटली. अकराव्या जागी तीन आला.

तिने गणित पुन्हा फिरवले. तीन.

चूक असेल तर ती कुठे, हे ती शोधू लागली. सवयीने, न घाबरता. फरक आज नव्हता. पुढचे वर्षभर नव्हता. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर तो उगवत होता आणि मग एका पातळीवर स्थिर राहत होता. अफवेची रेषा अशी नसते. ती काट्यासारखी वर जाते आणि झडते. ही रेषा शांत होती, ठाम होती. मृदुलाने तिची उंची मोजली आणि मोजता मोजता तिचा हात थांबला. इतकी उंची देशातल्या एकाच गोष्टीची असते, हे तिला पाठ होते : एका नव्या, मध्यम आकाराच्या गृहकर्जाची. स्थिर दराचे कर्ज; व्याज चढणार हे माहीत असलेला माणूस घेईल तसे.

एकटी मृदुला : शून्य. एकटा हुद्दार : शून्य. दोघे मिळून : एक घर.

ती खुर्चीत बसली. यंत्राला प्रेम ठाऊक नव्हते. त्याला फक्त हप्ते ठाऊक होते. पण वेध ठाऊक असलेली दोन माणसे म्हणजे जगात एकमेकांशीच बोलू शकणारी दोन माणसे, एवढे त्याने अचूक हेरले होते. खिडकीबाहेर सड्यावर ऊन कलत होते. ती ओसरीत गेली.

“लागतो का वेळ?” हुद्दारने विचारले. तो वाऱ्याकडे पाठ करून बसला होता. बेटावरची सवय असावी.

“लागतो कधी कधी.” मग तिने विचारले, “हुद्दार, घर घ्यावे असे कधी वाटले नाही?”

“वाटलं होतं. पण घर घेतलं तर संध्याकाळी कुठे जायचं हा प्रश्न सुटतो, घरी कोण असेल हा नाही सुटत. तुम्हाला?”

“मला एक खिडकी हवी होती,” ती म्हणाली आणि चकितच झाली. हे ती कुणाशी बोलली नव्हती. “पूर्वेची. स्वयंपाकघराला.”

“पूर्वेची नको मॅडम. सकाळी भाजी चिरताना डोळ्यांवर ऊन येतं. आग्नेयेला थोडी कललेली ठेवा.”

“तुम्ही भाजी चिरता?”

“इतकी वर्षं बेटावर काय मासे येऊन वाढत होते?”

मृदुला हसली. हसण्याचा आवाज वाऱ्याने लगेच नेला, पण तो झाला होता.

आत परतल्यावर तिने तेवढ्यावर थांबायला हवे होते. पण वीस वर्षांचा पट समोर असताना रेषा शेवटपर्यंत न पाहणे हे तिला जमणारे नव्हते. तोच तिचा धर्म होता. तिने पट पुढे सरकवला.

नवव्या वर्षी रेषा तुटली.

मुदतीआधी कर्ज संपण्याचे तीन मार्ग असतात आणि तिन्हींच्या खुणा ती ओळखत होती. फेडत आणलेले कर्ज उतारासारखे ओसरते. विकलेले घर दुसऱ्या कुणाच्या कर्जात पुन्हा उगवते. तिसरा मार्ग कर्जासोबत उतरवलेल्या विम्याचा : दोघा कर्जदारांपैकी एक जातो आणि विमा कंपनी उरलेली रक्कम एकाच दिवशी भरून टाकते. तेव्हा रेषा कड्यासारखी संपते. ही कड्यासारखी संपली होती.

दोघांपैकी कोण, हे सरासरीत दिसत नाही.

तिने कितीतरी वेळ त्या कड्याकडे पाहिले. मग तिच्यातला गणिती जागा झाला. ही रेषा दोघांना फक्त दर माहीत आहेत असे धरून काढलेली होती. पण आता एकीला हा कडाही माहीत झाला होता. म्हणजे गृहीत बदलले. वेध पुन्हा घ्यायला हवा. तिने नवी अट भरली : दोघांना दर ठाऊक, कांबळीला शेवटही ठाऊक.

रेषा तशीच आली. तेच दुसरे वर्ष, तीच उंची, तोच कडा. एका दशांशाचाही फरक नाही.

म्हणजे तिला ठाऊक असूनही ती जाणार होती. लोकदर्पणाच्या आत कुठेतरी तिची प्रतिकृती आधीच होकार देऊन बसली होती, आणि मुख्य म्हणजे गप्प बसली होती. संध्याकाळी समोरच्या माणसाच्या ताटात वाढताना, आग्नेयेच्या खिडकीतून येणाऱ्या सकाळच्या उन्हात त्याचे पिकत चाललेले केस पाहताना, प्रत्येक वाढदिवसाला मनातल्या मनात एक वजा करताना ती गप्पच राहणार होती.

तिने तिसरी अट भरली : दोघांना शेवटही ठाऊक.

बारा शून्ये. सपाट. घर नाही.

कोण मागे फिरत होते, तो की ती, हे यंत्राने सांगितले नाही. कदाचित तो दयेने फिरत असेल. कदाचित ती त्याच्या डोळ्यांतली मोजणी पाहून फिरत असेल. एवढे मात्र स्पष्ट होते की हे घर उभे राहायचे तर त्याच्या पायाभरणीत एक गुपित गाडावे लागणार, आणि ते तिने एकटीने सांभाळायचे. जगातल्या सर्वांत निरुपयोगी गुपितांची राखण करून करून ती या एकासाठी तयार झाली होती. एकटेपण संपणार नव्हते. त्याला फक्त छप्पर मिळणार होते, आणि छपराखाली आणखी एक माणूस.

एकत्रित प्रभावांकाच्या रकान्यात तिने शून्य लिहिले. तिच्या हातची ही पहिली खोटी नोंद. मात्र पाकिटासाठी तिने जो वेध काढला, तो दोघांना दर ठाऊक असल्याचा होता, अकराव्या दशांशातल्या तीनसकट. वेध खोटा पडणार नव्हता. फक्त त्यात आता ती होती.

मग तिने ती रेषा पडद्यावरून पुसली, नुसते दर ठेवले आणि दार उघडले.

“या आत. शून्य आले.”

हुद्दारने चष्मा लावला आणि भरतीचे कोष्टक वाचावे तसा बोट ठेवून तो पट वाचू लागला. दोन वर्षे सपाट. मग चढ. मग आणखी चढ.

“बापरे,” तो म्हणाला. “म्हणजे कुणाला घ्यायचंच असेल तर चढाच्या आधी घ्यावं. आणि दर स्थिर ठेवून घ्यावं.”

“हो. घेणाऱ्याने.”

“हे सांगायचं मात्र कोणालाच नाही.”

“कोणालाच नाही,” मृदुला म्हणाली. “आपण दोघे बोलू शकतो. तेवढी परवानगी आहे.”

मग त्याने सहीसाठी पेन मागितले, सही केली आणि पाकीट तिच्याकडे सरकवले. लाख वितळवायला तिने काडी ओढली. वारा आत शिरत होता, म्हणून ज्योतीभोवती त्याने न सांगता ओंजळ धरली. त्या ओंजळीकडे पाहताना मृदुलाने मनात पहिल्यांदा नऊ म्हटले, आणि मोहोर उठवली.

“आग्नेयेची खिडकी म्हणालात,” ती म्हणाली. “किती कललेली?”