भरावाखालचं पाणी

चामटोलीजवळची पाणथळ बुजवून भूपेशने टॉवर उभा केला आणि त्याला नाव दिलं 'लेक ब्लिस'. लाज वाटायला माणसाकडे काहीतरी लागतं. ते त्याच्याकडे नव्हतं. सॅम्पल फ्लॅटच्या भिंतीला निसर्गचित्र हवं म्हणून त्याने मला बोलावलं. मी वर्षानुवर्षं हीच पाणथळ रंगवत आले, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याला सोफ्याशी मॅच होणारं हिरवं काहीतरी पाहिजे होतं.

भर दुपारी मी त्याच फ्लॅटच्या बाल्कनीत बसले आणि मुद्दाम समोर होतं तेच काढलं. मुरूम, डेब्रिज, डंपरच्या चाकोऱ्या. मुरूम रंगवून आभाळाकडे वळले, पुन्हा पाहते तर कागदावरचा मुरूम ओलसर. तो पसरत गेला आणि त्याचं पाणी झालं. मी टिपून घेतलं. पुन्हा तेच... फ्लॅटभर कुजक्या चिखलाचा वास सुटला. मग त्या पाण्यात एक पाठमोरी बाई दिसली, कमरेपर्यंत बुडालेली. मी ती काढली नव्हती. खाली उन्हात भरावावर चिटपाखरू नव्हतं.

भूपेश आला, चित्र बघून हसला. "मॅडम, पाणी कशाला दाखवता? कस्टमर पळेल ना." मग त्याची नजर बाईवर गेली. आवाज एकदम उतरला.

"अंजनीला... तुम्ही कधी बघितलं?"

अडखळत त्यानेच सांगितलं. अंजनी या पाण्यात मासे धरायला यायची. डंपर आले तरी बाहेर निघेना. ड्रायव्हर भराव ओतायचा थांबला नाही, यानेही थांबवलं नाही.

"नंतर शोधलंत?"

"गावाला गेली असेल ती," म्हणत त्याने मोबाइल चाळला. इतका हलका माणूस मी पाहिला नव्हता.

मी पोलिसांकडे जाते म्हटल्यावर त्याने चित्र हिसकावलं, फ्लॅटशेजारच्या आपल्या केबिनमध्ये शिरला आणि आतून कडी लावली. फाडणारच होता. पण कागद फाटल्याचा आवाज आलाच नाही. आत कुणीतरी पाणी कापत चालत होतं... सावकाश. भूपेशने एकदाच हाक मारली, आणि तीही अर्धीच.

माझ्या ओरडण्याने खालच्या ऑफिसातली करिष्मा वर धावली. दोघींनी मिळून दार ढकलून कडी उखडली. केबिन कोरडी ठणठणीत. भूपेश खुर्चीत होता, शर्टाची इस्त्रीही मोडली नव्हती, आणि तोंडातून गढूळ पाणी वाहत होतं. मला कीव आली असं खोटं सांगणार नाही.

चित्र टेबलावर होतं. त्यात पाणी नव्हतं, बाई नव्हती. सुकलेल्या मुरमावर फक्त अनवाणी पावलांचे ठसे होते, कागदाच्या कडेपर्यंत आलेले. परतीचे नव्हते.