दोरी फसवत नाही

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या काकांच्या बाबतीत घडलंय. आणि काका थापा मारणाऱ्यातले नाहीत.

रात्रसुद्धा नव्हती. भर दुपार होती.

काका निवृत्त पोस्टमन. पायाला भिंगरी. काकू जन्मभर त्यांच्या चार पावलं मागे, "अहो, थांबा ना!" म्हणत. घरातली पोरंसोरंही त्या वाक्याची नक्कल करायची.

"आयुष्यभर लोकांची दारं वाजवली. आता जिथे दारच नाही तिथे जाऊ," असं म्हणत काकांनी सहल काढली. काकूंचे गुडघे दुखत होते, तरी त्या निघाल्या.

नावाला राष्ट्रीय उद्यान. उद्यान कसलं... नुसते कडे, दऱ्या आणि न संपणारं जंगल.

डोंगराच्या अरुंद धारेवर असताना अचानक धुकं उतरलं. स्वतःचा हात दिसेना.

सोबतच्या वनरक्षकाने गाठी मारलेली जाड दोरी काढली.

"कमरेला बांधायची नाही. गाठ मुठीत धरायची. एक घसरला तर बाकीचे तरी वाचतात," तो म्हणाला. "मी दोन हिसके देईन. ते मागे पोचवायचे. शेवटच्याने उलट दोन द्यायचे. आणि हाक आली तरी वळायचं नाही. धुक्यात आवाज फसवतो. हाकेमागे गेलेले सरळ दरीत गेलेत. दोरी फसवत नाही."

पुढे वनरक्षक, मध्ये काका, शेवटी काकू.

"आता तरी हळू चाला," काकू म्हणाल्या.

चालू लागले.

दोन हिसके. काकांनी मागे दिले. मागून दोन आले. काकांच्या जिवात जीव आला.

पुन्हा दोन. पुन्हा उत्तर.

जंगलात पक्षी नाही, वारा नाही. आणि मग...

"अहो, थांबा ना..."

खूप लांबून. खालून.

काकांनी दोरी ओढली. मागून लगेच दोन हिसके आले. ही तर इथेच आहे, हाताच्या अंतरावर! मग हा आवाज...?

वळायचं नाही, वळायचं नाही, असं मनाला बजावत काका चालत राहिले.

"अहो... थांबा ना..."

या वेळी रडवेला.

दोन हिसके. दोन उत्तरं.

मग हाक आली नाही.

वनखात्याची खोली लागली तेव्हा काका हसत म्हणाले, "पोचलो बाई एकदाचे! अगं, काय काय ऐकू येत होतं..."

मागे कुणी नव्हतं.

काकांनी दोरी भराभर ओढून घेतली. सगळी दोरी धुक्याने ओलीगार होती. शेवटची गाठ मात्र कोरडी होती... आणि गरम.

"तुम्हाला हाक ऐकू आली होती?" वनरक्षकाने हळूच विचारलं.

"आली होती. पण तुम्हीच म्हणालात ना..."

त्याने हातातलं दोरीचं टोक टाकून दिलं. "मलाही आली होती. पण दोरी उत्तर देत होती हो."

खूप शोधलं. वनखात्याची माणसं दोर लावून दरीत उतरली. काकूंची चप्पलसुद्धा मिळाली नाही.

काका आता अगदी हळू चालतात. चार पावलं टाकली की थांबतात. मागे बघतात.

ती दोरी त्यांनी वनरक्षकाकडून मागून घेतली. एक टोक मुठीत धरून बसतात, दुसरं दाराबाहेर सोडलेलं असतं. आम्ही हातापाया पडलो, फेकून द्या म्हणालो. ऐकत नाहीत.

एकदा मी काकांच्या खोलीत असताना त्यांनी दोन हिसके दिले.

बाहेर कुणी नव्हतं. मी स्वतः पाहिलं.

दोरी ताणली गेली... एकदा. दोनदा.

तेव्हापासून मी त्या खोलीत पाऊल ठेवलेलं नाही.

काका मात्र दाराकडे बघत नुसते बसले होते.

"उत्तर रोज येतं रे," ते म्हणाले. "हाक येत नाही."