चर्चमधली पांढरी पावलं

“नाक दाबा रे! मी दार ढकलते!” स्वरूपानं ओढणी नाकाला लावली आणि चर्चचं जाड सागवानी दार उघडलं.

असा भपकारा आला, की तिचा मित्र राजवर्धन आल्या पावली मागे पळाला. धाकट्या माऊलीनं तर सकाळचे पोहे पायरीखालीच ओकून टाकले. शी!

निरवांगीच्या वाटेवरचं हे दगडी चर्च इंग्रजांच्या काळातलं. नाताळला बारामतीहून पाद्री येत, एरवी ते बंदच असे. गेल्या वर्षी ते सरकारच्या वारसा यादीत लागलं. त्याची किल्ली चाळीस वर्षं स्वरूपाच्या आजोबांकडे, सावळाराम आबांकडे होती. आता मात्र वास गावभर पसरला होता आणि उद्या त्या खात्याचे साहेब पाहणीला येणार होते.

“म्हाताऱ्याच्यानं झाडलोट होत न्हाय. किल्ली काढून घ्या!” पोल्ट्रीवाले जोतीराम चावडीवर सगळ्यांदेखत म्हणाले होते. तेव्हापासून आबा धड जेवले नव्हते, म्हणून त्यांची किल्ली घेऊन पोरंच आली होती.

वेदीमागे तीन फुगलेली पोती होती. राजवर्धननं काठीनं एकाचं तोंड उघडलं.

“मेलेल्या कोंबड्या! आळ्या वळवळत्यात!”

“देवाच्या घरात? लाज कशी वाटंना ह्यांना!” स्वरूपाच्या अंगावर शहारे आले.

“अगं, खाली बघ!” माऊली ओरडला.

मोडक्या मागच्या दारापासून पोत्यांपर्यंत काळ्या फरशीवर चपलांचे पांढरे ठसे उमटले होते. उजव्या टाचेला चौकोनी ठिगळ!

“चपला घालून? आबा तर कुणालाच चपला घालून आत येऊ देत न्हाईत!” राजवर्धन म्हणाला.

“आन् हा चुना हाय,” माऊली म्हणाला. “माझा मामा पोल्ट्रीत कामाला हाय. रोगराई नको म्हणून दारात चुना पसरत्यात. त्यात पाय दिल्याशिवाय आत जायचंच न्हाय!”

गावात पोल्ट्री एकच होती. जोतीरामांची!

“पोरांचं कोण ऐकणार?” स्वरूपा म्हणाली. “काहीच हलवू नका. उद्या आबा दारात सगळ्यांच्या चपला काढायला लावतीलच!”

दुसऱ्या दिवशी साहेब आले. गाव जमलं. नाकाला रुमाल लावून जोतीराम सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते, “बघा सायेब! ह्यो ह्यांचा कारभार!”

आबा मान खाली घालून एवढंच म्हणाले, “चपला भायेर काढा.”

जोतीरामांनीही काढल्या. स्वरूपानं त्यांची उजवी चप्पल दोन बोटांनी उचलली आणि थेट ठशावर ठेवली. ठिगळासकट तंतोतंत बसली!

“सायेब, चुना कुणाच्या चपलेच्या तळाला हाय बघा!”

जोतीरामांना घाम फुटला. “खड्डा खणायला माणूस मिळंना... बंद जागा, कोण बघतंय म्हणलं...”

“आन् वर बोल आबांना लावता?” स्वरूपा संतापून म्हणाली.

“पोती तुम्हीच उचला. आत्ता!” साहेब म्हणाले. “किल्ली आबांकडेच राहील.”

जोतीरामांनी पोती उचलली. घाण पाणी त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ओघळलं. मदतीला कुणीही पुढं झालं नाही.

“शाबास रे पोरांनो! मोठ्यांना जमलं न्हाय ते केलंत!” सरपंच म्हणाले. मग सगळ्यांनी मिळून बादल्या ओतून फरशी घासली.

संध्याकाळी आबांनी स्वरूपाच्या हातात किल्ली ठेवली. “आजपासनं कुलूप तू लावायचं.”

तिनं कुलूप लावलं. हातांना तीनदा साबण लावूनही तो वास अजून येतच होता. शी! पण किल्ली काही तिनं खाली ठेवली नाही.