बोटभर कोल्ड क्रीम

अमेरिकेतल्या ट्रॉय गावातलं आमचं घर दुपारी फार शांत असतं. समोरच्या घरांची गॅरेजं बंद, माणसं ऑफिसात, रस्त्यावर मळलेला बर्फ. त्या हिवाळ्यात मी अशाच दुपारी पातेल्यात पाणी ठेवायची, पाण्यात वाडगा, वाडग्यात बदामाचं तेल आणि मधमाश्यांचं मेण. वितळलं की खाली उतरवून थेंब थेंब गुलाबपाणी घालत घोटायचं, पार गार होईपर्यंत. व्हिक्टोरियन काळातल्या बायका घरी असंच कोल्ड क्रीम करत.

माझी लेक ऋता हे जवळच्या एका म्युझियममध्ये लोकांना शिकवायची. केमोनं तिची कातडी कागदासारखी झाली. दुकानातलं क्रीम झोंबायचं, हे सोसायचं. घोटायची ताकद मात्र तिच्या हातात उरली नव्हती, म्हणून मी घोटत होते, फोनवर कीर्तन लावून. पूर्वरंग संपेपर्यंत मेण धरायला लागे, आख्यान रंगात आलं की क्रीम तयार. झांजेच्या ठेक्यात मनगट दुखायचं विसरे.

"आई, तुझे बुवा क्रीममध्ये पडतील," ती सोफ्यावरून म्हणाली.

"पडू देत. गुण येईल."

वाडगा तिनं कुणा वारलेल्या बाईच्या सामानाच्या सेलमधून आणलेला. पांढरा, चिनी मातीचा, काठाला बारीक तडा. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, ही आमच्या घरची रीत. परत कुणाला करणार? म्हणून पहिल्या दिवशी बोटभर क्रीम बशीत काढून खिडकीत ठेवलं. जिचं भांडं, तिचा वाटा. हात जोडले, झालं.

संध्याकाळी बशी पुसल्यासारखी स्वच्छ होती. मुंग्या असतील, म्हटलं. मग बाहेरच्या बर्फाकडे बघत राहिले.

पुढे पुढे मी दुपारी खुर्चीतच झोपून जाऊ लागले. हॉस्पिटलच्या खेपा, औषधं, उलट्यांची बादली. अंगात जीव राहायचा नाही. एकदा दचकून उठले.

"अगं, तुझं क्रीम राहिलं!"

"लावलंस की आत्ता." तिचा चेहरा तुकतुकीत होता. "पण हात किती गार गं तुझे. वॉर्म देम अप ना, प्लीज."

थकव्यात लावलं असेल, मला आठवत नसेल. खरं सांगू? बरंच वाटलं. एक काम कमी झालं होतं.

मग रोजच तसं व्हायला लागलं. क्रीमवर बोटाची खूण असायची, माझ्या बोटापेक्षा अरुंद. मी ती चमच्यानं सपाट करायची.

"तू आता वेगळंच करतेस," एके दिवशी ऋता म्हणाली.

"काय वेगळं?"

"आधी कपाळ, गाल. मग पापण्यांवर दोन बोटं. खाली ओढून धरून ठेवतेस. बराच वेळ." ती हसली. "आणि काल मी बोलत होते, तर हनुवटी दाबून तोंडच बंद केलंस माझं. सो रूड!"

मला हसू आलं नाही.

माझी आई गेली तेव्हा तिचे डोळे मीच मिटले होते. हनुवटीही अशीच धरली होती. अंग आखडायच्या आत करावं लागतं ते.

क्रीम सिंकमध्ये ओतलं. वाडगा कचऱ्याच्या गाडीत गेलेला डोळ्यांनी पाहिला.

दुसऱ्या दुपारी ऋताचा चेहरा तुकतुकीत होता.

मग मी तिला वरच्या खोलीत निजवलं आणि तिची शाल पांघरून सोफ्यावर तिच्या जागी आडवी झाले.

"बाई," मी मराठीतच म्हणाले, "वाटा मी ठेवला होता, लेकरानं नाही. तुझं काय ते काम माझ्यावर कर."

गुलाबपाण्याचा वास आला.

कपाळावर गार बोट टेकलं.

ऋताचा रिपोर्ट चांगला आला. डोक्यावर कोवळी लव उगवली आहे. परवा तिनं आपण होऊन वरणभात मागितला, वर लिंबूही मागितलं. मी देवापुढे साखर ठेवली. दुपारी मात्र मी सोफा सोडत नाही.

"आई, यू लुक सो पीसफुल," ती म्हणते.

आज जाग आली तेव्हा माझे पाय कुणीतरी सरळ करून जुळवले होते. दोन्ही अंगठ्यांभोवती पांढरी फीत गुंडाळलेली होती. गाठ अजून मारलेली नव्हती.