समोरच्या खुर्चीची फाईल

धाकट्याचा थोरला भाऊ चार बैठकांत ठणठणीत बरा झाला. तसा कागद आहे, सही-शिक्क्यासकट.

आता हे विसरा. असं काही झालंच नाही.

होणार कसं? पहिल्या बैठकीच्या अकरा आठवडे आधीच तो वारला होता.

तरीही ही गोष्ट खरी आहे. धाकट्या माझा मामेभाऊ. थापा मारायला अंगात थोडा उत्साह लागतो, आणि तो त्याच्यात औषधालाही उरलेला नाही. त्यामुळे त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

वार मंगळवार. वेळ दुपारी तीन. अपॉइंटमेंट तेव्हाचीच मिळाली. जागा, चष्म्याच्या दुकानावरचं समुपदेशन केंद्र, दुसरा मजला.

दादा गेला तेव्हा धाकट्या रडला नाही. त्याने सगळ्यांना फोन केले, पाहुण्यांना चहा दिला, मृत्यूचा दाखला आणला. लोक म्हणाले, केवढा खंबीर मुलगा.

तो खंबीर नव्हता. त्याला काही वाटतच नव्हतं.

धाकट्या लिफ्ट दुरुस्त करतो. एकदा तो लिफ्टच्या टपावर उभा असताना लिफ्ट हातभर खाली घसरली. सोबतचा मेकॅनिक किंचाळला. धाकट्या म्हणाला, "हं."

शेवटी दादाची बायकोच बोलली.

"भाऊजी, तुमच्या वाटचंही मीच रडू का? मला माझंच संपत नाहीये."

"बघतो, वहिनी."

म्हणून तो केंद्रात गेला. एकदाचं रडू यावं, एवढंच काम होतं.

खोलीत तीन खुर्च्या. एकीत समुपदेशक मॅडम, एकीत धाकट्या. तिसरी रिकामी. मध्ये टिश्यूचा डबा.

"समोरच्या खुर्चीत दादा बसलेत असं समजा," मॅडम म्हणाल्या. "जे बोलायचं राहिलं, ते बोला."

धाकट्याने बराच विचार केला.

"दादा, ड्रिल मशीन कुठे ठेवलंयस?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं, परत उचललं. "ठीक आहे. आता त्या खुर्चीत जा. दादा होऊन उत्तर द्या."

तो उठला. समोर जाऊन बसला. तोंड उघडलं, आणि…

"माळ्यावर. निळ्या पेटीत."

घरी जाऊन बघितलं. माळ्यावर निळी पेटी होती. पेटीत ड्रिल मशीन होतं.

धाकट्याला ते माहीत नव्हतं.

त्याला भीती वाटायला हवी होती. त्याने शेल्फ ठोकून घेतलं.

दुसऱ्या मंगळवारी नोंदणीच्या काकूंनी त्याला थांबवलं. काकू मान वर न करता बोलतात.

"तुमचा कागद राहिलाय. भावाचा मिळाला."

"कोणाचा?"

"खोलीत जो बसतो त्याचा कागद लागतो. मॅडमनी लिहून दिलं, बैठकीत दादा होते. मी फाईल उघडली. तपासणीला आले की मलाच विचारतात."

फाईल खरंच होती. नाव होतं. नात्यापुढे 'भाऊ'. पत्त्यापुढे 'समोरची खुर्ची'.

आत उदासी मोजायचा नऊ प्रश्नांचा कागद. गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा वाटलं? शून्य ते तीन.

सगळीकडे तीन. एकूण सत्तावीस. जास्तीत जास्त तेवढेच मिळतात.

"हा कोणी आणून दिला?"

"ट्रेमध्ये होता."

पहिला प्रश्न होता, 'कामात रूची वाटत नाही.' कोणीतरी त्यातला 'रू' लाल पेनाने ऱ्हस्व केला होता. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'छापण्याआधी तपासत जा.'

दादा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. बावीस वर्षं.

अक्षर…

अक्षर त्याचंच होतं.

धाकट्याने आपला कागद भरला. काहीच वाटत नव्हतं, म्हणून सगळीकडे शून्य. एकूण शून्य. कागदाच्या हिशेबाने त्या इमारतीत सगळ्यात निरोगी माणूस तोच.

मॅडमना वाटलं, दोन्ही कागद यानेच भरले. "छान," त्या म्हणाल्या. "स्वतःचं दुःख तुम्ही दादांच्या नावावर मांडताय. मांडत राहा."

दादाच्या कागदाला आपण हातही लावला नाही, हे सांगायचा त्याला कंटाळा आला.

तिसऱ्या मंगळवारी धाकट्या खिडकीबाहेर बघत बसला होता. मॅडम वहीत तारीख घालत होत्या. पंखा फिरत होता. आणि मग…

नाक शिंकरल्याचा आवाज. एकदा लांब, लगेच एकदा आखूड.

"सर्दी झालीय?" मॅडमनी विचारलं.

"मी नाही शिंकरलं."

मॅडमनी वहीत लिहिलं, 'नाकारतात.'

निघताना त्या डब्याकडे बघून हसल्या. भरलेला डबा अर्धा झाला होता. "बघा, मोकळे झालात की नाही?"

धाकट्याने डोळ्यांना हात लावून बघितला. कोरडे.

कचऱ्याच्या टोपलीत टिश्यूंचा ढीग होता. त्याने वरचा एक उचलला. ओला होता. अजून कोमट.

त्या दिवशी दादाच्या कागदावर एकूण आठ.

चौथ्या मंगळवारी शून्य. लाल पेनाची एकही खूण नाही.

"दोघांचीही शून्यं," मॅडम म्हणाल्या. त्यांना मनापासून आनंद झाला होता. "आता दादांना निरोप द्यायचा. दोन्ही फायली बंद करू."

धाकट्याने समोर बघितलं. खुर्चीच्या गादीत खळगा होता. तो हळूहळू… भरत वर आला.

मग दार वाजलं. दार आधीपासून बंदच होतं. बंद दार बंद झाल्याचा आवाज आला.

जिन्यावर पावलं. एक मजला. मग दुसरा. मग रस्त्यावरची वाहनं.

वेळ संपत आली होती, तरी धाकट्या उठून त्या खुर्चीत जाऊन बसला. गादी गरम होती.

"दादा, माझ्या वाटचं तूच रडून गेलास का?"

मग दादा होऊन आपणच तोंड उघडून वाट बघितली. मिनिटभर. पाच मिनिटं.

आता तिथून कोणीच बोलत नव्हतं.

वहिनीने घरी विचारलं, "रडू आलं का?" तो म्हणाला, "नाही. पण झालं." तिला कळलं नाही. मलाही नीट कळलेलं नाही, आणि त्या चष्म्याच्या दुकानात जायचं मी अजून टाळतो.

परवा त्याने केंद्रात एक अर्ज दिला. काकूंनी मान वर न करता शिक्का मारला, पोच दिली. नक्कल माझ्याकडे आहे.

"विषय : बंद फाईल पुन्हा उघडण्याबाबत.

महोदया, माझे थोरले बंधू आपल्या उपचारांनी पूर्ण बरे होऊन निघून गेले आहेत. माझे काम अपुरे आहे. तरी त्यांना दर मंगळवारी दुपारी तीन वाजता परत बोलावण्यात यावे. बरे असल्याच्या कारणाने ते येण्यास नकार देत असल्यास, त्यांना थोडे तरी पुन्हा बिघडवण्यात यावे, ही नम्र विनंती."